भातकुलीच्या वाटेवरचे रोही

वऱ्हाडात मी गेलो तो एका बैलापायी. तो बैल कागदावरचा होता आणि त्याला वशिंड नव्हते.

मी पुण्यात एका शिळाछाप छापखान्यात अक्षरे लिहिण्याच्या कामावर होतो. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने उलटी अक्षरे लिहायची, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटतात. माझे वडील येवल्यास मागावर बसतात. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला. गावच्या मास्तरांनी फी माफ करवली, पुढे नगरच्या शाळेत शिष्यवृत्ती मिळवून दिली, म्हणून मी पुण्याच्या विद्यालयातली शेवटची परीक्षा उतरू शकलो. मामलेदार कचेरीत जागा मिळत होती. पण लहानपणी वडिलांना पदरावर मोर-पोपट विणताना पाहिले होते, ते वेड सुटेना. म्हणून छापखाना धरला. वडील रागावले नाहीत. "एवढे शिकून शेवटी रेघाच ओढायच्या?" एवढेच त्यांनी विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

मालकांनी मुलांच्या एका वाचनपुस्तकासाठी प्राण्यांची बारा चित्रे मला करायला दिली, तेव्हा वाटले की आता उत्तर सापडले. मी विलायती पुस्तकांतल्या चित्रांवर पातळ कागद ठेवून ती सफाईने उतरवली. नमुन्याची पाने काही शाळांना गेली. एका खेड्यातल्या मास्तरांनी उलट टपाली विचारले की, बैल या शब्दाशेजारी छापलेले जनावर कोणते? विलायती बैलाला वशिंड नसते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी घाईने वशिंड चढवले, ते खांद्याऐवजी पाठीच्या मध्यावर गेले, आणि बैलाचा उंट झाला.

मालकांनी बाराही कागद माझ्यापुढे सरकवले. "ही जनावरे मेलेली आहेत," ते म्हणाले. "संक्रांतीपर्यंत जिवंत आण. आणलीस तर यापुढे चित्रांचे काम तुझे. नाहीतर चित्रे मुंबईहून करवून घेईन, आणि तू आपली अक्षरे लिही."

माझा नगरच्या शाळेतला मित्र विठ्ठल अमरावतीस शाळामास्तर आहे. अमेरिकेत लढाई जुंपून तिकडचा कापूस बंद पडल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला कसे दिवस आले आहेत, रस्त्यावर माणसांपेक्षा बैल कसे जास्त दिसतात, हे तो पत्रांतून लिहीत असे. मी कागदांची वळकटी, शिसपेनी आणि दोन धोतरे घेतली आणि निघालो.

बाळापूरच्या वाटेवर

आगगाडी जिथवर जाते तिथवरचा प्रवास सांगण्यासारखा नाही. तिथून पुढे छकडा केला. हाकणारा उकंडा नावाचा वऱ्हाडी गडी होता, चाळिशीचा, तोंडाने सारखा बोलणारा.

आपल्याकडे काळी जमीन म्हणतात ती या काळीपुढे पांढरीच म्हणावी. थंडीच्या दिवसांत ती अशी भेगाळते की पहिल्याच मुक्कामाला माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. समोरून कापसाच्या गाड्यांची रांग येत होती. ती सकाळी सुरू झाली ती दुपार टळली तरी संपेना. बैलांच्या शिंगांना नव्या पितळी शेंब्या, गळ्यात नव्या घुंगरमाळा. दोन्ही बाजूंच्या बाभळींनी प्रत्येक गाडीतून थोडा थोडा कापूस ओढून घेतला होता. काट्याकाट्यावर पांढरे झुबके. मला येवल्याची आठवण झाली. तिथे सूत महागले म्हणून वडिलांचा माग दोन महिने बंद होता, आणि इथे कापूस काट्यांवर लोंबत होता.

एका बाभळीवर खार दिसली. ती पुढच्या दोन पायांनी कापूस ओढून तोंडात कोंबत होती. गालांच्या दोन्ही बाजूंना झुपके बाहेर आले तेव्हा ती पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यासारखी दिसू लागली. मी छकडा थांबवायला लावला. पाच-सहा रेघा ओढतो तोच ती पसार झाली. पण त्या पाच-सहा रेघांत काहीतरी होते. पुण्यात तीन दिवस बसून काढलेल्या खारीत ते नव्हते.

मुक्कामाला मी उकंडाचे बैल काढायला बसलो. तासाभराने त्याने मागून डोकावून पाहिले.

"हे काय हाये जी?"

"तुमचा बैल."

"बैल हाये का पलंग?" तो हसू लागला. "चारी पाय सारखे रोवून बैल कवा उभा राह्यते का? पाहा ना. एका पायाले आराम देते थो. माणूस नाई का भितीले टेकत?"

मी पाहिले. डावा मागचा पाय खरोखरच सैल होता, खूर जमिनीला नुसते टेकलेले. तासभर समोर बसून मला तो दिसला नव्हता.

"अन् कान? हा डावा कान मांगं हाये याचा. माशीवर चिडून राह्यला. त्या दुसऱ्याचे दोनी कान समोर. त्याले नदीचं पानी आयकू येऊन राह्यलं. तुमच्या बैलाचे कान कोनीकडं हायेत?"

माझ्या बैलाचे कान कुठेच नव्हते. म्हणजे होते, पण कशाकडेही नव्हते. मी तो कागद फाडला. उकंडाला वाईट वाटले. "फाडता काहून? पलंग चांगला जमला व्हता," तो म्हणाला.

अकोला

अकोल्यास कापसाचा बाजार पाहून डोळे फिरतात. कापसाचे डोंगर, त्यांवर उभे राहून तुडवणारी माणसे, सरकी काढणाऱ्या रेच्यांची दिवसभर चाललेली कुरकुर, आणि हवेत तरंगणारे तंतू. माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. बैल इतके की मनात म्हटले, आता बाराच काय, शंभर चित्रे होतील.

एकही झाले नाही. मी कागद काढून एका बैलासमोर बसलो की धनी तो बैल सोडून दुसरीकडे नेई. तिसऱ्या वेळी मी एकाला कारण विचारले. तो आवाज खाली करून म्हणाला, "किती मांडले जी आतापर्यंत?"

"काय मांडले?"

"बैल. मोजनीवाले ना तुमी?"

सध्या वऱ्हाडात सरकारची जमिनीची मोजणी चालू आहे. कागद-शिसपेन घेऊन बसलेला परका माणूस म्हणजे मोजणीचा, असे सगळ्यांनी धरले होते. मी चित्र काढतो हे सांगितल्यावर तर संशय आणखी वाढला, कारण शिकल्यासवरल्या माणसाला बैलाचे चित्र कशाला लागते, हे कोणाला पटेना. मला तरी ते कुठे धड सांगता येत होते?

अकोल्यास जेवण मात्र उत्तम मिळाले. आमच्याकडे भाकरी बाजरीची. इथे ज्वारीची, पांढरी शुभ्र आणि हातभर रुंद. तिच्यावर जवसाची चटणी आणि तेलाची धार. चटणी मी आमच्याकडच्या मापाने घेतली आणि पुढचा घटकाभर नुसते पाणी पीत बसलो. वाढणाऱ्या बाईंनी हळहळून विचारले, "मास्तर, तिकडं मिरची नाई का होत?"

अमरावती

विठ्ठल मला पाहून आनंदला, पण माझे कागद पाहून त्याने त्यांची पुन्हा वळकटी केली. खार आणि वाटेत पुन्हा काढलेला एक सैल पायाचा बैल सोडला तर त्यांत काही नव्हते, आणि संक्रांतीला वीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात भाजीवाली आली. गिरजाबाई तिचे नाव. पन्नाशीकडे झुकलेली माळीण, कपाळावर मोठे गोंदण, बोलणे तोडून टाकल्यासारखे. पुणेरी कानाला ते भांडणच वाटावे. विठ्ठलाने हरभऱ्याची भाजी मागितली.

"हरभरा नाई आज. रोह्यायनं खाल्ला."

रोही म्हणजे आपण ज्याला नीलगाय म्हणतो ते जनावर. मी नुसते नाव ऐकले होते. ते दिसते कसे, येते कुठून, असे मी एकामागून एक विचारत सुटलो.

"मांगं गावाभवती माळ व्हता," ती म्हणाली. "गवत व्हतं, तिथं चरत. आता कापसाले भाव आला, तं लोकायनं माळ नांगरला, धुरे नांगरले, मसनवटा तेवढा ठेवला. मंग रोही जातीन कोठी? भाजी पेरनारे आमीच राह्यलो. येतात आमच्याइथं."

"मारत का नाही कोणी?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खाली पाहिले. "गाय हाये ना थे. गाईवर हात टाकाचा का? हाकलाचं."

ती गेल्यावर विठ्ठल म्हणाला, "तुला जिवंत जनावरे हवीत ना? मग इथे बाजारात काय करतोस? जा हिच्या मळ्यावर. तिथे ती पायांनी चालत येतात."

मळा

गिरजाबाईचा मळा अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. चहूकडे क्षितिजापर्यंत कापूस, आणि मध्ये हा चार-पाच बिघ्यांचा हिरवा तुकडा: वांगी, मुळा, मेथी, वालाचे वेल, हरभरा. विहिरीवर मोट, बाजूला खोप, आणि चार खांबांवर उभारलेला उंच माळा, राखणीसाठी.

तिचे यजमान सखारामजी फार कमी बोलतात. मी चित्रे काढतो हे ऐकून त्यांनी हरभऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "वाघ काढता येते?"

मी हो म्हटले. विलायती पुस्तकातला वाघ मला पाठ होता.

"मंग काढा ना. रोह्यायले भेव वाटंन असा."

मला भलताच हुरूप आला. जुने तरट पसरले, गेरू, हळद आणि काजळ कालवले, आणि दिवसभर खपून मनुष्याएवढा वाघ रंगवला. दात दाखवणारा, शेपूट उभारलेला. सखारामजींनी तो दोन बांबूंवर ताणून हरभऱ्याच्या कडेला उभा केला. सकाळी उठून पाहतो तो वाघाच्या डोक्यावर तीन पोपट ओळीने बसलेले, आणि त्याच्या पंजाखालचा हरभरा साफ.

गिरजाबाई कमरेवर हात ठेवून वाघासमोर उभी राहिली. "लय गरीब हाये बाप्पा हा. यालेच दोन घास टाका."

"कान आहेत, दात आहेत," मी ओशाळून म्हणालो.

"हायेत ना. पन थो कोनाले पाहून नाई राह्यला."

त्या दिवसापासून मी चित्रे काढणे थांबवले आणि सखारामजींच्या मागे हिंडू लागलो. बुजगावणे आमच्याकडे एकदा रोवले की हंगामभर तिथेच असते. सखारामजी ते रोज हलवतात, आणि त्याच्या अंगावर स्वतःचा घामाचा सदरा घालतात. धुतलेला कधीच नाही. रोही डोळ्यापेक्षा नाकावर विश्वास ठेवतात, म्हणून. त्यांनी मला धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, लेंड्यांचा एक मोठा ढीग दाखवला. सगळा कळप दररोज तिथेच येऊन लेंड्या टाकतो आणि मगच पुढे होतो. "चावडी हाये त्यायची," सखारामजी म्हणाले. माझ्या मुक्कामातला त्यांचा हा एकच विनोद.

विचारावे ते सगळे त्यांना ठाऊक असे. वेडा राघू माशी पकडल्यावर ती फांदीवर का आपटतो? बगळा बैलाच्या पुढून चालतो की मागून? मोटेचा बैल उताराला मान कुठे धरतो? माझी वही अक्षरांनीच भरू लागली. चार-पाच दिवसांनी हात आपोआप चित्राकडे वळला, आणि बगळा, मोटेचा बैल, वेडा राघू, खोपीवरचे मांजर अशी नऊ चित्रे झाली. गिरजाबाई जाता-येता ती पाही. एकदा बगळ्याकडे पाहून तिने "हुश्" केले, आणि तो दिवस मी सणासारखा घालवला. संध्याकाळी तिने रोडगे केले होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याची झणझणीत भाजी. मी पाच खाल्ले.

ती सकाळ

बाजाराच्या दिवशी सखारामजी पहाटेच गाडी जुंपून अमरावतीला गेले. गिरजाबाईला रात्रभर राखण पडली होती. उजाडायच्या सुमारास ती मला म्हणाली, "मास्तर, घटकाभर माळ्यावर बसता का? पाठ टेकते मी. दिसले का वरडजा. बस, काई करा लागत नाई. नुसतं वरडाचं."

मी आनंदाने चढलो. इतके दिवस त्यांचे अन्न खात होतो. उपयोगी पडायची ही पहिलीच वेळ.

कापसावर धुके होते. त्यातून आधी कान आले. मग एक मादी, तांबूस, हरणासारखी नाजूक तोंडाची. तिच्यामागे आणखी दोन, त्यांतली एक लंगडत होती आणि तिला पाडा बिलगलेला. शेवटी नर. निळसर, ओल्या पाटीच्या रंगाचा, घोड्याएवढा उंच; पायांत चांदीचे वाळे घालावेत तसे पांढरे पट्टे आणि गळ्याखाली केसांचा एक झुपका. माळ्यापासून पंधरा पावलांवर येऊन तो थांबला. वारा माझ्याकडे होता. त्याला माझा वास लागला नाही.

माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. हात मात्र चालू झाला.

एवढ्या जवळून असे जनावर मी कधी पाहिले नव्हते. खाली मान घालताना खांद्याचे हाड कसे वर येते. वालाचा वेल ओढताना ओठ आधी बाजूला कसा वळतो. पाडा आईच्या पोटाखालून बाहेर डोकावतो तेव्हा आई एक पाय कसा उचलून धरते. मी एक कागद भरला, दुसरा घेतला. कसलेही भान नव्हते. विद्यालयात, छापखान्यात, कुठेच मला इतके सुख झाले नव्हते.

"मास्तर!"

गिरजाबाई खोपीच्या दारात उभी होती. कळपाने एकदम माना वर केल्या आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तो धुऱ्यापलीकडे गेला.

मी खाली पाहिले. मुळ्याचे वाफे उपटलेले, हरभरा संपलेला, वालाचे वेल जमिनीवर. वांग्यांना त्यांनी तोंड लावले नव्हते, तेवढीच उभी होती.

"झोप लागली व्हती का?" तिने विचारले.

तिने मला ती वाट दिली होती. मी हो म्हणालो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. पण माझ्या हातात कागद होते.

"नाही," मी म्हणालो. "मी चित्र काढत होतो."

तिने चित्र मागितले. मी खाली उतरून दिले. तिने हात पदराला पुसून ते घेतले. मग तिचे बोट कागदावर फिरू लागले. "ही लंगडी. मांगच्या साली खड्ड्यात पडली व्हती. हा तिचा पाडा. हा बोवा लय हावरा, वाल सरल्याशिवाय तोंड उचलत नाई." तिने एकेक ओळखले. माझ्या चित्राला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळणार नाही, हे मला तेव्हाच कळले, आणि तेव्हाच मान वर करण्याची लाज वाटत होती.

"हे पुस्तकात छापान का?"

"हो. तसा विचार आहे."

ती धुऱ्यावर बसली आणि मला समजावून सांगू लागली. रागाने बोलली असती तर बरे झाले असते. तिच्या वांग्याचे बी आणि रोपे आजूबाजूच्या तीन गावांत जातात, कारण गिरजा माळणीच्या राखणीत कसर नसते, असे लोक मानतात. रात्री जनावर शिरून खाऊन गेले, तर त्यात कमीपणा नाही; ते सगळ्यांचेच होते. पण राखणदार जागा असताना, डोळ्यांदेखत मळा चरला गेला, तर त्या मळ्याचे बी कोणी हातात धरत नाही. ते बी बेइमान होते, उगवत नाही, असा इकडे पक्का समज आहे.

"चरलेला मळा पाहून कोनाले काई समजनार नाई," ती म्हणाली. "पन हे चित्तर? हे काय झोपलेल्या मानसानं काढलं? कोनी बी पाहीन अन् म्हनंन, हा तं पंधरा पावलांवर बसून पाह्यत व्हता. मळा बी ओयखू येते, इहीर बी काढली तुमी. अमरावतीच्या शाळंत हे पुस्तक येईन ना?"

विठ्ठलाच्याच शाळेत येणार होते.

"मी... पैसे..." मी पुटपुटलो.

"पैशे ठेवा तुमच्याजवळ. मी त्या कागदाचं सांगते."

"चित्र वाईट आहे का?" मला हे का विचारावेसे वाटले, देव जाणे.

"चित्तर खरं हाये, मास्तर. खोटं असतं तं मी काई म्हनलं नसतं. त्या वाघाले अडवलं का मी?" ती उठली आणि कागद माझ्या हातात परत दिला. "तुमी शिकेल मानूस हा. तुमचं तुमी पाहा."

दिवसभर मी तिच्याबरोबर वेल उचलून बांधत होतो, आणि दिवसभर मनाशी वाद घालत होतो. विहीर खोडली तर? मळा काढून टाकला, मागे रान दाखवले तर? पण ते खोडले की रोह्यांची ती निवांत माना खाली घालण्याची ऐट खोटी पडत होती. रानात ते असे चरत नाहीत. आणि हे चित्र नेले नाही, तर मालकांपुढे ठेवायला माझ्याजवळ काय होते? बगळा आणि मांजर धरून अकरा चित्रे, बारावे नव्हते. जन्मभराची उलटी अक्षरे मला डोळ्यांसमोर दिसू लागली. दिवे लागायच्या वेळी गिरजाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ जाऊन दोन्ही कागद चुलीत घातले.

तिने ते पेटू दिले. भाकरी उलटली. मग म्हणाली, "अजून किती दिवस हायेत तुमच्यापाशी?"

"चार. मग निघायला हवे."

"मंग चारी सकाय माळ्यावर बसा. पयले वरडाचं, मंग काढाचं."

सखारामजी बाजारातून परतले तेव्हा तिने त्यांना काय सांगितले, मला ठाऊक नाही. जेवताना त्यांनी माझ्या ताटात एक भाकरी जास्त वाढली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा तो घामाचा सदरा बुजगावण्याऐवजी मला घालायला दिला.

चार सकाळी

ओरडल्यावर रोही एकदम पळत नाहीत, हे मला पहिल्या सकाळी कळले. ते आधी मान वर करतात. चार श्वासांपुरते सगळे थिजतात: कान माझ्याकडे, नाकपुड्या फुललेल्या, पुढचा एक पाय उचललेला, आणि सगळ्या अंगाचे वजन निघायच्या दिशेने आधीच झुकलेले. मग जातात. त्या चार श्वासांत काढता काहीच येत नाही. नुसते पाहावे लागते, आणि ते गेल्यावर, डोळ्यांसमोरून पुसले जायच्या आत, कागदावर उतरवावे लागते.

पहिल्या दिवशी मला कान आठवले, पाय विसरलो. दुसऱ्या दिवशी पाय आठवले तर वजन विसरलो. इतक्या जोरात ओरडलो होतो की घसा बसला, आणि गिरजाबाईने हळद घालून दूध दिले. तिसऱ्या दिवशी नर तेवढा साधला. त्यात चुका होत्या, पण त्याच्या मानेत एक प्रश्न होता.

चौथ्या सकाळी मी ओरडलो, त्यांनी पाहिले, ते गेले. आणि सूर्य उगवेपर्यंत सबंध कळप कागदावर होता. मळा त्यात नव्हता, विहीर नव्हती. ते जिकडे पाहत होते ते मात्र कागदाबाहेर असूनही तिथे होते. मुळ्याचे एक पानसुद्धा गेले नव्हते.

गिरजाबाईने चित्र पाहिले. "आता छापा," ती म्हणाली आणि मेथी खुडायला गेली.

पुणे

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी बारा चित्रे मालकांपुढे ठेवली. त्यांनी एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरले. खारीपाशी किंचित थांबले. मांजर बाजूला काढले. ते घरगुती आहे, म्हणाले. बैलाचे वशिंड त्यांनी बोटाने चाचपल्यासारखे करून पाहिले. शेवटी रोह्यांचा कागद आला.

"हे काय?"

"रोही. नीलगाय म्हणतात ते."

"मी कधी पाहिलेले नाही." त्यांनी कागद लांब धरला, जवळ घेतला. "पण हे आत्ता पळणार, एवढे दिसते आहे." मग त्यांनी विचारले, "हे एकच काढलेस यांचे?"

चुलीतले दोन कागद मला आठवले. ते यापेक्षा चांगले होते असे मला आजही वाटते. मी म्हणालो, "दाखवण्यासारखे हे एकच आहे."

त्यांनी मांजरासकट बाराही कागद सारखे करून माझ्या हातात दिले. "उद्यापासून अक्षरांना दुसरा माणूस पाहतो," ते म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

मी छापखान्यात गेलो. चित्रासाठी दगड वाळूने घासून कोरा करावा लागतो. ते काम दुसऱ्या एका गड्याचे आहे आणि त्याने मला नको म्हटले, पण त्या दिवशी तो दगड मी स्वतःच घासला.